पिवळी किटली आणि दोन गुण : रेनोच्या टर्बोचं प्रकरण

१५ ऑक्टोबर १९८३, दक्षिण आफ्रिकेतलं क्यालामी. फॉर्म्युला वनच्या त्या मोसमातली ही शेवटची शर्यत. रेनोचा अॅलेन प्रॉस्ट ५७ गुणांवर होता आणि ब्रॅबम-बीएमडब्ल्यूचा (गाडी ब्रॅबमची, इंजिन बीएमडब्ल्यूचं) नेल्सन पिके ५५ वर. फेरारीचा रेने आर्नू ४९ वर होता, पण तो नवव्या फेरीतच बाहेर पडला. विजेतेपद घरचंच आहे अशा थाटात रेनोने फ्रान्सहून पत्रकार विमानाने आणले होते. पस्तिसाव्या फेरीला प्रॉस्टची पिवळी गाडी पिटमध्ये वळली, तो उतरला आणि गाडी पुन्हा बाहेर गेली नाही. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र, गेला होता. आघाडीवर असलेल्या पिकेने बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, खाली आणला, आपल्याच सहकाऱ्याला पुढे जाऊ दिलं आणि आरामात तिसरा आला. त्याचे चार गुण मिळून हिशेब झाला ५९ विरुद्ध ५७.

टर्बो गाडीने जिंकलेलं हे ड्रायव्हरांचं पहिलं जगज्जेतेपद. फॉर्म्युला वनमध्ये टर्बो आणला होता रेनोने, सहा वर्षांपूर्वी, जग हसत असताना. आणि ते विजेतेपद दुसऱ्याच्या टर्बोने नेलं. हे कसं झालं, हा या प्रकरणाचा विषय.

‘नशीब’ हे उत्तर मला पटत नाही. शर्यतीत नशीब असतंच, पण सहा वर्षं पुरेल इतकं नसतं.

कागदावर पडून असलेलं कलम

१९६६ पासून फॉर्म्युला वनच्या नियमांत इंजिनाचे दोन पर्याय होते. साधं इंजिन असेल तर तीन लिटर, आणि हवा दाबून भरणारं यंत्र लावलेलं असेल तर दीड लिटर. दुसऱ्या पर्यायाकडे अकरा वर्षं कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. कारण उघड होतं. अर्ध्या आकाराच्या इंजिनातून तेवढीच ताकद काढायची आणि ते दोन तास न फुटता चालवायचं, हा धंदा आतबट्ट्याचा वाटायचा. त्यात १९६८ पासून कॉसवर्थचं डीएफव्ही हे तीन लिटरचं व्ही-८ इंजिन बाजारात विकत मिळत होतं. ब्रिटिश संघ ते आणत, आपल्या चासिसला जोडत आणि जिंकत.

रेनोची गोष्ट वेगळी होती. ही तेव्हा फ्रेंच सरकारच्या मालकीची कंपनी, १९४५ साली राष्ट्रीयीकरण झालेली. शर्यतींशी तिचं नातं मात्र त्याहून जुनं. १९०३ च्या पॅरिस-माद्रिद शर्यतीत संस्थापकांपैकी एक, मार्सेल रेनो, अपघातात गेला. १९०६ साली ल मां इथे झालेली पहिली ग्रां प्री रेनोनेच जिंकली, फेरेन्स सिस या हंगेरियन ड्रायव्हरने. त्या गाडीला मिशलँ या फ्रेंच टायर कंपनीच्या सुट्या होणाऱ्या रिम होत्या. बाकीचे रस्त्याकडेला बसून टायर सोलत होते तेव्हा सिस रिमसकट चाक बदलून निघून जात होता. आपली गाडी, आपला टायर, आपला ड्रायव्हर नसला तरी आपला झेंडा, ही फ्रेंच शर्यतीतली जुनीच खोड. सत्तरच्या दशकात तिला तेलाची जोड मिळाली. एल्फ या सरकारी तेल कंपनीने फ्रेंच ड्रायव्हर आणि फ्रेंच इंजिनं यांच्यामागे पैसा उभा केला.

हे काम व्हायचं पॅरिसच्या दक्षिणेला, व्हिरी-शातियों इथे. (२०२५ च्या मोसमापर्यंत फॉर्म्युला वनची इंजिनं तिथे बनत होती. ती भट्टी आता थंड झाली.) जेरार लारूस हा स्वतः ड्रायव्हर राहिलेला माणूस स्पर्धा विभागाचा प्रमुख होता, फ्रान्स्वा कास्तँ तांत्रिक बाजू पाहत होता आणि टर्बो हा विषय होता बर्नार्द ड्यूदोचा. ड्यूदोला कंपनीने टर्बो शिकायला कॅलिफोर्नियात पाठवलं होतं. हाताशी दोन लिटरचं व्ही-६ इंजिन होतंच. ते १,४९२ घनसेंटिमीटरवर आणायचं आणि त्याला गॅरेटचा टर्बो लावायचा, असं ठरलं. इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा ठेवला. जड, पण दाब सोसणारा.

टर्बो ही त्यांनी लावलेली नवी युक्ती नव्हती हेही सांगायला हवं. अमेरिकेत इंडियानापोलिसला आणि कॅन-अॅम शर्यतींत टर्बो जुना झाला होता, आणि १९७६ साली पोर्शने टर्बो गाडीने ल मां, म्हणजे तिथली चोवीस तासांची शर्यत, जिंकलं होतं. रेनोने केलं ते एवढंच की फॉर्म्युला वनच्या पुस्तकातलं पडून असलेलं कलम गांभीर्याने वाचलं.

पंखा वेग घेईपर्यंत

टर्बोचं तत्त्व सोपं आहे. सायलेन्सरमधून वाया जाणारा गरम वायू एका छोट्या चक्रावर सोडायचा. ते चक्र मिनिटाला लाखभर फेऱ्या घेतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त, म्हणजे ताकद जास्त.

अडचण वेळेची. छताच्या पंख्याचं बटण दाबलं की पंखा लगेच वेग घेत नाही, तसंच. ड्रायव्हरने वळणातून बाहेर पडताना अॅक्सलरेटर दाबला की आधी काहीच होत नाही, चक्र फिरायला लागतं, क्षण-दोन क्षण जातात, आणि मग सगळी ताकद एकदम मागच्या चाकांवर येऊन आदळते. सरळ रस्त्यावर हे चालून जातं. मोनॅकोसारख्या गल्लीबोळात, जिथे दर शे-दोनशे मीटरला वळण आहे, तिथे ताकद येईपर्यंत पुढचं वळण आलेलं असतं. रेनोचा ड्रायव्हर ज्याँ-पिएर जाबुई हा स्वतः तंत्रज्ञ वृत्तीचा. गाडी घडवण्यात त्याचा हात होता. वळण संपण्याआधी, मन नको म्हणत असताना, पाय दाबायचा, हे तो शिकला.

दुसरी अडचण उष्णतेची. दाबलेली हवा तापते, टर्बो लालबुंद होतो, तेल जळतं, पिस्टन वितळतात. तिसरी इंधनाची. तेव्हा शर्यतीच्या मध्ये पेट्रोल भरण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे सुरुवातीला गाडी इतरांपेक्षा जड.

१६ जुलै १९७७ ला सिल्व्हरस्टोनला आरएस०१ ही गाडी पहिल्यांदा उतरली. पिवळा, काळा आणि पांढरा रंग, एकच गाडी, एकच ड्रायव्हर, आणि खाली मिशलँचे रेडियल टायर, तेही फॉर्म्युला वनमध्ये पहिल्यांदाच. जाबुई एकविसाव्या जागेवरून सुटला आणि सोळाव्या फेरीत टर्बोने राम म्हटलं. (त्याच शर्यतीत जिल व्हिलनव्ह नावाचा एक कॅनेडियन पोरगा मॅक्लॅरेनमधून पदार्पण करत होता. त्याचं नाव लक्षात ठेवा.) त्या वर्षीच्या उरलेल्या शर्यतींतही रेनोला एकदाही शेवट गाठता आला नाही. कॅनडात तर गाडी पात्रच ठरली नाही. मागून पांढऱ्या धुराचा लोट सोडत कडेला थांबणाऱ्या या गाडीचं ब्रिटिश पिटमध्ये बारसं झालं : ‘पिवळी किटली’.

किटली हे नाव झोंबणारं होतं, पण चूक नव्हतं.

याच काळात कंपनीचं मन दोन ठिकाणी होतं, आणि माझ्या मते पहिली गफलत इथली. १९७७ च्या ल मांला रेनोच्या गाड्या एकामागून एक बंद पडल्या आणि पोर्शने शर्यत नेली. वरिष्ठांना ल मां आधी हवं होतं, कारण फ्रान्समध्ये दुधवाल्यालाही ल मां कळतं. जून १९७८ मध्ये पिरोनी आणि जोसो यांनी ते जिंकून दिलं आणि दुसऱ्याच क्षणी कंपनीने तिथून अंग काढून घेतलं. म्हणजे फॉर्म्युला वनच्या गाडीला पूर्ण माणसं आणि पूर्ण पैसा मिळाला तो पदार्पणानंतर वर्षभराने. पहिले गुण ऑक्टोबर १९७८ मध्ये, अमेरिकेत वॅटकिन्स ग्लेनला आले. जाबुई चौथा.

दिजों

१९७९ ला चित्र पालटलं. मार्चमध्ये क्यालामीला जाबुईने पोल, म्हणजे सर्वांत पुढून सुटायची जागा, मिळवली, टर्बो गाडीची पहिली पोल. ती नेमकी तिथेच का? क्यालामी समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरहूनही उंच. तिथली हवा विरळ. साध्या इंजिनाची ताकद तिथे आपोआप घटते, टर्बो मात्र हवेचा तुटवडा दाब वाढवून भरून काढतो. हे ज्यांना दिसलं ते त्या दिवसापासून हसायचे थांबले.

त्या उन्हाळ्यात मिशेल तेतू या अभियंत्याची नवी गाडी आली, आरएस१०, आणि तिच्यात एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान, प्रत्येक बाजूच्या तीन सिलिंडरांना एकेक. लहान चक्र हलकं, म्हणून लवकर वेग घेतं. मघाच्या पंख्याच्या दुखण्यावर निम्मा उतारा मिळाला तो इथे. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडणारा निर्णय हाच. महागडं काही नाही, विचार नेमका.

१ जुलै १९७९, दिजों. जाबुई जिंकला. फ्रेंच गाडी, फ्रेंच इंजिन, फ्रेंच टायर, फ्रेंच इंधन, फ्रेंच ड्रायव्हर, फ्रान्सची ग्रां प्री. सरकारी कंपनीच्या जाहिरात खात्याने स्वप्नात पाहावं असं. आणि तो विजय जवळजवळ कोणी पाहिलाच नाही. कारण त्याच्या मागे, दुसऱ्या क्रमांकासाठी, तेव्हा रेनोत असलेला आर्नू आणि आता फेरारीत गेलेला तो व्हिलनव्ह शेवटच्या फेऱ्यांत एकमेकांच्या चाकाला चाक घासत होते. एक बाहेरून जातो, दुसरा आतून घुसतो, गाड्या आपटतात, दोघे रस्त्याबाहेर जातात, परत येतात. व्हिलनव्ह पाव सेकंदाने पुढे राहिला. आजही दिजों १९७९ म्हटलं की लोक ती झुंज लावून बघतात. पुढे कुठेतरी एक पिवळी गाडी टर्बोचा पहिला विजय घेऊन सीमारेषा ओलांडतेय, हे सांगावं लागतं.

त्या मोसमात रेनोला सहा पोल मिळाल्या आणि विजय एकच. ही आकडेवारी पुढची तीन वर्षं थोड्याफार फरकाने तशीच राहिली. वेग सर्वांत जास्त, शेवट गाठण्याची खात्री सर्वांत कमी. जाबुईच्या एकंदर कारकिर्दीकडे बघा. फॉर्म्युला वनमध्ये त्याला गुण मिळाले ते फक्त तीनदा : एक चौथा क्रमांक आणि दोन विजय. दुसरा विजय १९८० चा, ऑस्ट्रियाचा. त्याच वर्षी कॅनडात त्याचा पाय मोडला आणि पिवळ्या गाडीशी त्याचा संबंध संपला.

मागचे शहाणे झाले

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. दिजोंनंतर फेरारी १९८१ ला टर्बो घेऊन आली. बीएमडब्ल्यू १९८२ ला आली, होंडा आणि पोर्शचं इंजिन लावलेली मॅक्लॅरेन १९८३ ला. रेनोने सहा वर्षांत जे स्वतःची इंजिनं जाळून शिकलं होतं, ते बाकीच्यांना आयतं दिसत होतं. किती दाब चालतो, हवा कुठे थंड करायची, एक टर्बो की दोन. पेटंट घेऊन हे झाकता येत नाही, गाडी दर पंधरा दिवसांनी सगळ्यांसमोर उघडी होते.

रेनोने दरम्यान १९८१ ला प्रॉस्ट घेतला आणि पहिल्याच वर्षी तीन विजय मिळवले. १९८२ ला विजेतेपद मिळायला हवं होतं. ते फुटलेल्या इंजिनांनी घालवलं, आणि थोडं घरच्या भांडणांनी. फ्रेंच ग्रां प्रीत संघाचा हुकूम होता की पुढे असलेल्या आर्नूने प्रॉस्टला वाट द्यावी. आर्नूने दिली नाही, जिंकला आणि पुढच्या वर्षी फेरारीत गेला. पहिले चारही त्या दिवशी फ्रेंच होते : आर्नू, प्रॉस्ट, पिरोनी आणि पॅट्रिक तांबे. (आडनाव वाचून दचकू नका, हे तांबे पॅरिसचे.)

मग १९८३. कार्बन फायबरची आरई४० गाडी आली आणि प्रॉस्टने ऑस्ट्रियापर्यंत चार शर्यती जिंकल्या. त्याची आघाडी झाली १४ गुणांची. जिंकणाऱ्याला नऊ गुण मिळत, म्हणजे दीड शर्यत हातात. पण प्रॉस्ट मोसमाच्या मध्यापासून संघाला सांगत होता की बीएमडब्ल्यू चढतेय, आपल्याला नवं काहीतरी हवं. ऐकणाऱ्यांना मात्र गुणतक्ता दिसत होता.

त्यानंतरचे चार रविवार-शनिवार असे. झांडवूर्टला प्रॉस्टने पिकेला आतून गाठायचा प्रयत्न केला, ब्रेक लावताना गाडी घसरली, पिकेवर आदळली, दोघेही बाहेर. जिंकला कोण, तर आर्नू. मोंझाला प्रॉस्टचा टर्बो गेला आणि पिके जिंकला. ब्रँड्स हॅचला पिके जिंकला, प्रॉस्ट दुसरा. चौथा दिवस क्यालामीचा, तो वर आलाच आहे.

बीएमडब्ल्यूच्या इंधनाचा ऑक्टेन नियमाबाहेर होता, असे आरोप तेव्हा झाले. रेनोने अधिकृत दाद मागितली नाही. मोटारी विकणाऱ्या कंपनीने हरल्यावर पेट्रोलच्या नमुन्यावरून भांडायचं हे बरं दिसलं नसतं, आणि ते त्यांना कळत असावं. मला हा मुद्दा दुय्यम वाटतो. प्रॉस्टचे टर्बो पिकेच्या पेट्रोलने गेले नव्हते.

निदान

बीएमडब्ल्यूचं टर्बो इंजिन शर्यतीत पहिल्यांदा धावलं २३ जानेवारी १९८२ ला, क्यालामीलाच. विजेतेपद आलं त्याच ठिकाणी, ६३० दिवसांनी. रेनोला सहा वर्षं आणि तीन महिने होऊन गेले होते. या दोन आकड्यांकडे बघून ‘रेनोचे लोक कमी पडले’ असं म्हणणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. बीएमडब्ल्यूचे ६३० दिवस रेनोच्या आधीच्या साडेचार वर्षांवर उभे होते.

मग दोष कुठे? उत्तर १९८५ च्या निकालपत्रकात सापडतं. रेनो १९८३ पासून आपलं इंजिन लोटसला देत होती, नंतर लिजिए आणि टिरेल या संघांनाही. १९८५ मध्ये लोटसने त्या इंजिनावर तीन शर्यती जिंकल्या, दोन आयर्टन सेनाने आणि एक एलिओ दे अँजेलिसने. सेनाचा पहिला विजयही त्यातलाच, एस्टोरिलच्या पावसातला. रेनोच्या स्वतःच्या संघाला त्या वर्षी शून्य विजय. इंजिन व्हिरीचंच. फरक होता तो ते वापरणाऱ्या घराचा.

लोटस किंवा ब्रॅबम हा मालकाचा संघ. रात्री ठरलं, सकाळी सुटा भाग बनला. रेनो ही राष्ट्रीय कंपनी. विभागप्रमुख, संचालक, संघटना, मंत्रालय. नव्या गाडीची कल्पना सुचण्यात ते कधीच मागे नव्हते, उलट पुढेच होते. पण आघाडीवर असताना चार आठवड्यांत काहीतरी बदलायचं, हा वेग त्या घराच्या अंगात नव्हता. ज्या संथपणामुळे १९७७ ते ७९ अशी दोन वर्षं पराभव सोसून प्रयोग चालू ठेवता आला (एखाद्या ब्रिटिश मालकाचं दिवाळं निघालं असतं), त्याच संथपणाने १९८३ चे शेवटचे दोन महिने खाल्ले. दोन्ही गोष्टी एकाच स्वभावातून आल्या. एक ठेवून दुसरी काढता आली असती असं मला वाटत नाही.

क्यालामीनंतर काही दिवसांतच रेनोने प्रॉस्टला काढलं. संघाबद्दल तो उघड बोलला, हे खपलं नाही. मॅक्लॅरेनने त्याला लगोलग उचललं. तांबे आणि डेरेक वॉरिक आले, दोन वर्षांत एकही शर्यत जिंकली नाही. तिकडे मूळ कंपनीच बुडायला आली होती. १९८४ चा तोटा सुमारे साडेबारा अब्ज फ्रँक. जानेवारी १९८५ मध्ये अध्यक्ष म्हणून आलेल्या जॉर्ज बेस यांनी कात्री चालवली आणि वर्षअखेरीस शर्यतीचा संघ बंद केला. इंजिनं आणखी वर्षभर दुसऱ्यांना दिली, मग तेही थांबवलं. नोव्हेंबर १९८६ मध्ये अतिरेकी गटाने बेस यांची त्यांच्या घराबाहेर हत्या केली, त्याचा शर्यतींशी संबंध नाही.

पिवळ्या गाडीच्या खात्यात एकूण १५ विजय जमा झाले : प्रॉस्टचे नऊ, आर्नूचे चार, जाबुईचे दोन. विजेतेपद शून्य.

कंपनीला काहीच मिळालं नाही असं मात्र नाही. रेनो ५ टर्बोने १९८१ ची माँटे कार्लो रॅली जिंकली, रेनो १८ टर्बो रस्त्यावर विकली गेली, आणि टर्बो हा शब्द फ्रेंच घरांत शिरला. आपल्याकडे त्याचं टोक बघायचं तर २००७ पासून नाशिकला महिंद्राबरोबर बनलेली लोगन, आणि नंतर गावोगाव दिसलेली डस्टर. दोन्हींच्या डिझेल इंजिनाची क्षमता योगायोगाने दीडच लिटर, आणि दोन्हींना टर्बो. टपरीवर डस्टरवाला ‘टर्बो लागला की गाडी उडते’ म्हणतो, तेव्हा तो नकळत सिल्व्हरस्टोनच्या सोळाव्या फेरीबद्दलच बोलत असतो.

टर्बोवर १९८९ पासून फॉर्म्युला वनमध्ये बंदी आली. त्याच वर्षी रेनो परतली, पण या वेळी फक्त इंजिन घेऊन. गाडी विल्यम्सची, व्यवहार विल्यम्सचा, व्हिरीने इंजिन तेवढं करायचं. ड्यूदो अजून तिथेच होता. १९९२ ते १९९७ अशी सलग सहा वर्षं संघांचं विजेतेपद रेनोच्या इंजिनाला मिळालं. १९९३ साली त्या विल्यम्समध्ये बसून प्रॉस्टने आपलं चौथं आणि शेवटचं जगज्जेतेपद जिंकलं. इंजिन साडेतीन लिटरचं, दहा सिलिंडरांचं, बिनटर्बोचं.